'इमरोज' कोणाचा वारसा?

टेंभुर्णी हे आमचे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे सभेला आगाऊ परवानगी लागे, न रुचणारी वृत्तपत्रे बंद होत. मुक्तिसंग्रामावरचे मराठी लेखन हे सारे सांगते; परंतु त्यातली उर्दू बहुधा सरकारी हुकमांची आणि रझाकारांच्या भाषणांचीच असते. आमचा आक्षेप इथेच आहे. सरकारने बंद पाडलेले 'रयत' उर्दूच होते. त्यातले शोएबुल्ला खान यांनी 1947 मध्ये 'इमरोज' काढले, रझाकारांविरुद्ध लिहिले, संस्थानाने भारतात सामील व्हावे म्हणून लेखणी झिजवली. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रात्री घरी परतताना त्यांची हत्या झाली. लिहिता हात तोडला गेला. वय अवघे 27.

हुतात्मा म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांचे अग्रलेख मराठीत कोण वाचतो? आणीबाणीत तुरुंगवास सोसणारे 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव आम्हाला जितके आपले, तितकेच शोएबुल्लाही. हे दोघे एकाच परंपरेचे, असे लिहिले जाईल तेव्हाच उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांना 17 सप्टेंबर आपलाही वाटेल.