प्रोपेलरला सनमायका

पहिल्या महायुद्धातल्या विमानांची स्केल मॉडेल्स बनवणारे लोक एकमेकांना फोटो दाखवतात, तेव्हा सगळ्यात आधी दाद कशाला मिळते? तासन्‌तास खपून ताणलेल्या तारांना नाही, कॉकपिटमधल्या नखाएवढ्या घड्याळांनाही नाही. दाद मिळते प्रोपेलरला. "हे प्लॅस्टिक आहे? खरंच?" आणि खाली कौतुकाचा ठरलेला शब्द : रिअलिस्टिक.

माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे. गेली चार-पाच वर्षं मी असे प्रोपेलर बघतोय, रंगवतोय, आणि माझं मत असं झालंय की यातले बहुतेक प्रोपेलर लाकडासारखे दिसतात, पण प्रोपेलरसारखे दिसत नाहीत. हा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. आधी ती वस्तू काय होती ते बघू.

१९०३ मध्ये राइट बंधूंनी जे विमान उडवलं, त्याचे दोन प्रोपेलर स्प्रूसच्या लाकडाचे थर चिकटवून, मग हाताने कोरून केलेले होते. प्रत्येकाचा व्यास साडेआठ फूट. प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख आहे, हे त्यांना कळलं होतं, आणि माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी झेप होती. पुढच्या पंधरा वर्षांत इंजिनं ताकदवान झाली, पण प्रोपेलर बहुतांशी लाकडाचाच राहिला. सपाट फळ्या सरसाने एकावर एक चिकटवायच्या, ठोकळा तयार करायचा आणि त्यातून पिळदार पाती कोरून काढायची. एकाच जाड ओंडक्यातून का नाही? कारण अखंड लाकूड दमट हवेत एका बाजूला वळतं, वाळताना तडकतं. थर असले की एकाची वळण्याची खोड दुसरा दाबून धरतो.

आणि प्रोपेलरला वळून चालत नाही. जर्मन अल्बाट्रॉस लढाऊ विमानाचा प्रोपेलर साधारण २.८ मीटर व्यासाचा, मर्सिडीज इंजिनवर मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेणारा. गणित करून बघा : पात्याचं टोक सेकंदाला दोनशे मीटरच्या वेगाने हवा कापतं, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरच्या वर. विमान स्वतः ताशी दोनशेसुद्धा गाठत नाही. दोन पात्यांत थोडा जरी फरक राहिला, तरी हादऱ्यांनी इंजिन आपल्या बैठकीतून खिळखिळं होणार.

आता मुद्द्याची गोष्ट. सपाट थरांच्या ठोकळ्यातून वक्र पृष्ठभाग कोरला की थरांच्या कडा त्या पृष्ठभागावर रेषा म्हणून उमटतात. या रेषा तुम्ही आम्ही सगळ्यांनी आठवी-नववीच्या भूगोलात काढल्या आहेत. त्या समोच्च रेषा आहेत. डोंगर आडवा कापत गेलो तर नकाशावर जे उमटतं, तेच इथे लाकडात उमटतं. उतार तीव्र तिथे रेषा दाटीवाटीने, उतार मंद तिथे पसरट. प्रोपेलरचं पातं मध्याजवळ जास्त उभं असतं, टोकाकडे चपटं होत जातं. म्हणून मध्याजवळ पट्टे अरुंद आणि एकमेकांना खेटून असतात. टोकाकडे जाताना ते रुंदावतात, वळतात, आणि एकेक करत पात्याच्या कडेवरून पलीकडे उतरतात. पलीकडच्या बाजूचा आकार वेगळा, त्यामुळे तिथली नक्षीही वेगळी. पण कडेवर दोन्हीकडच्या रेषा एकमेकींना मिळायलाच हव्यात, कारण थर एकच आहे.

आजही हाताने प्रोपेलर कोरणारे लोक या रेषांवर नजर ठेवून काम करतात. दोन्ही पात्यांवर रेषा सारख्या वळल्या तर कोरीव काम सारखं झालं. एका पात्यावर रेष बोटभर सरकली असेल तर तिथे लाकूड जास्त गेलं. म्हणजे जे आपल्याला सजावट वाटतं, ते मोजमाप आहे. पुढे जो माणूस त्या प्रोपेलरमागे बसणार, त्याचा जीव त्या मोजमापावर होता.

हे एकदा डोक्यात बसलं की दाद मिळवणारे फोटो बघणं अवघड होतं. मध्यापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचे पट्टे, जणू कसाटा आइस्क्रीमचा तुकडा. उजव्या पात्यावरची नक्षी डाव्या पात्यावर आरशातल्यासारखी उलटी. खरं तर प्रोपेलर अर्ध्या फेरीने फिरवला की एक पातं दुसऱ्याच्या जागी तंतोतंत बसायला हवं, आरशाचा इथे काही संबंध नाही. मागची बाजू एकरंगी तपकिरी. आणि कडेवर पट्टे अचानक संपलेले, जसा कपाटाच्या दाराला लावलेला सनमायका कडेशी संपतो आणि आतला प्लायवूड दिसतो.

सनमायका हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्यातले बरेच जण अशा घरांत वाढलेत, जिथे टीव्ही-युनिटपासून देवघरापर्यंत सगळ्यावर सागवानाचा फोटो चिकटवलेला होता. त्यात वाईट काही नाही, परवडणारं आणि ओल्या फडक्याने पुसता येणारं लाकूड आहे ते. पण त्यावरची नक्षी खालच्या वस्तूला ओळखत नाही. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये याला टेक्स्चर मॅपिंग म्हणतात : आकार आधी, मग त्यावर चित्राचं कातडं. याला उत्तर म्हणून १९८५ मध्ये केन पर्लिन आणि डार्विन पीची यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सॉलिड टेक्स्चर मांडलं. तिथे नक्षी वस्तूच्या आतपर्यंत, तिन्ही मितींत भरलेली मानायची, आणि आकार त्यातून 'कोरून' काढायचा. मग कुठेही कापा, नक्षी बरोबरच येते. लाकूड हे त्या कल्पनेचं अगदी पहिलं, सोपं उदाहरण. मला कॉलेजात हे शिकवलं तेव्हा ते निव्वळ सूत्र होतं. त्याचा अर्थ मला अक्रोडाच्या प्रोपेलरने समजावला.

तर माझी कसोटी ही : रंगाला आकार माहीत आहे का? या कसोटीवर बाजारात मिळणारी लाकडी नक्षीची डेकल्स फार लवकर नापास होतात. छपाई सुंदर असते, याबद्दल वाद नाही. अल्बाट्रॉसच्या प्लायवूडच्या धडावर तीच डेकल्स अप्रतिम दिसतात, कारण प्लायवूड हे स्वतःच पातळ कातडं आहे. पिळदार पात्यावर मात्र सपाट कागदाची नक्षी ताणून बसवली की ती सपाट कागदाचीच राहते. (आयफोनवर पूर्वी पुस्तकांच्या अॅपमध्ये लाकडी फडताळ असायचं, आठवतंय? २०१३ च्या आसपास ते गेलं. पुस्तकं काढली तरी त्या फळीवर ना सावलीचा डाग राहायचा ना धुळीचा. तसंच काहीसं.)

दुसरा प्रश्न रेष्यांचा. तैलरंगाने लाकडाचे रेषे काढण्याची पद्धत आता जवळपास प्रमाण झाली आहे. खाली फिकट पिवळसर अॅक्रिलिक, वर बर्न्ट अंबर किंवा सिएनाचा पातळ थर, आणि राठ, जवळजवळ कोरड्या ब्रशने एकाच दिशेत ओढलेल्या रेघा. तैलरंग सावकाश वाळतो म्हणून चुका पुसता येतात. पुण्या-मुंबईत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी कॅमलची ट्यूब यासाठी पुरते, आयात केलेल्या बाटल्यांची गरज नाही. पद्धत उत्तम आहे. प्रमाण चुकतं.

३२ पट लहान मॉडेलवर ब्रशने काढलेली ०.२ मिलिमीटरची रेघ ही खऱ्या विमानावर ६.४ मिलिमीटरची, म्हणजे जवळपास पेन्सिलीएवढी जाड होते. असं लाकूड जगात कुठे असतं? शिवाय मॉडेल आपण फूटभरावरून बघतो. तीस सेंटिमीटर गुणिले ३२ म्हणजे साडेनऊ मीटर. एवढ्या अंतरावरून चांगल्या डोळ्यालाही साधारण तीन मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. दहा मीटरवर उभ्या विमानाच्या प्रोपेलरवर तुम्हाला थरांचे पट्टे दिसतील, वॉर्निशची चमक दिसेल, कडेची झीज दिसेल. रेषे दिसणार नाहीत.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की मग खरंच लाकूड वापरा. व्हिनीअरचे तुकडे चिकटवून कोरलेले नऊ सेंटिमीटरचे प्रोपेलर बनवणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापुढे मी नमस्कार करून मग वाद घालतो. समोच्च रेषा त्यांना आपोआप अचूक मिळतात, कारण ते खरोखरच थर कोरत असतात. पण लाकूड लहान होत नाही. अक्रोडाच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रं मॉडेलवरही तेवढीच राहतात, आणि ३२ पटीने मोजली तर त्यांत बॉलपेनची रिफिल जाईल. जुन्या जहाजांची मॉडेल्स करणारे पेअर किंवा बॉक्सवूडसारखं अगदी बारीक पोताचं लाकूड निवडतात ते यासाठीच. म्हणजे अक्रोड दाखवायचा असेल तर अक्रोड वापरू नये. हा विनोद मला फार आवडतो.

रंगाबद्दलही हेच. आपण संदर्भ म्हणून जे प्रोपेलर बघतो ते संग्रहालयातले, लिलावातले, किंवा मध्यभागी घड्याळ बसवून भिंतीवर टांगलेले असतात. शंभर वर्षांचं वॉर्निश काळवंडून गुळासारखं झालेलं असतं. १९१७ च्या वसंतात कारखान्यातून आलेला प्रोपेलर तसा नव्हता. त्या काळचे फोटो मदत करतील म्हणावं, तर तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तांबूस लाकूड फोटोत काळपट यायचं. म्हणून मॉडेलवर अंगावर कोरं कापड, ताजे रंग आणि नाकावर आजोबांच्या खुर्चीचा तुकडा, असं विजोड रूप दिसतं. आणि प्रत्येक प्रोपेलर पट्टेरी नव्हताच. काही जर्मन प्रोपेलरमध्ये गडद आणि फिकट लाकडाचे थर आलटून पालटून असायचे, त्यांचे पट्टे दुरून डोळ्यात भरतात. ब्रिटिश प्रोपेलर बहुधा एकाच जातीच्या लाकडाचे, महोगनीचे किंवा अक्रोडाचे. त्यात थर ओळखू येतो तो छटेच्या किंचित फरकाने. सॉपविथ कॅमलला झेब्रा केलेला बघितला की मला त्रास होतो.

या सगळ्यात विंगनट विंग्ज या न्यूझीलंडच्या कंपनीचं नाव घ्यायला हवं. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या वेडातून उभी राहिलेली ही कंपनी २००९ पासून १/३२ प्रमाणातली पहिल्या महायुद्धाची किट्स काढत होती. २०२० मध्ये बंद पडली, आणि आता ती किट्स हौशी इंजिनिअरच्या पगारात बसत नाहीत. त्यांच्या सूचना-पुस्तिकांत जुने फोटो असायचे, आणि कुठल्या विमानाला कुठल्या कारखान्याचा प्रोपेलर होता, याचाही विचार असायचा. अॅक्शियल, हाइने, वोल्फ, गरुडा. हो, गरुडा : बर्लिनची कंपनी, आणि नाव आपल्या विष्णूच्या वाहनाचं. लाकडावर हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. त्या किट्समुळे एका पिढीला कळलं की 'लाकडी प्रोपेलर' असं काही सरसकट नसतं, प्रत्येक कारखान्याचा घाट वेगळा असतो. पण त्याच सुंदर बॉक्स-चित्रांनी आणि चकचकीत फोटोंनी रेषेदार, मधाळ प्रोपेलरची चटकही लावली, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, बघणाऱ्याला लाकूड 'वाचता' यायला हवं ना. रेषे नसले तर तो तपकिरी प्लॅस्टिकच समजेल. हा आक्षेप मी सोडून देऊ शकत नाही. चित्रकारही दुरून न दिसणारी पापणी रंगवतो. म्हणून माझ्या प्रोपेलरवर रेषे असतात, पण इतके पुसट की वॉर्निशखाली ते नुसती ऊब देतात. वेळ जातो तो पट्ट्यांवर. मी प्लॅस्टिकचा प्रोपेलर पाण्याच्या उथळ ताटलीत सपाट ठेवतो, थर जेवढा जाड हवा तेवढं पाणी दरवेळी वाढवतो, आणि पाण्याची कड पात्याला जिथे लागते तिथे पेन्सिलीने खूण करतो. सहा-सात वेळा. धरणाचं पाणी चढताना गावांची शीव जशी बदलत जाते, तशी प्रत्येक रेष स्वतःहून जागेवर येते. मग बारीक कापलेला मास्किंग टेप त्या खुणांवरून. अख्खा रविवार जातो यात, आणि फोटोत हे काम फारसं उठून दिसत नाही.

युद्धकाळात ब्रिटनमधल्या कारखान्यांत प्रोपेलर घासायचं, वॉर्निश लावायचं काम बायकांनीही केलं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात त्यांचे फोटो आहेत. प्रोपेलरवर नाव कारखान्याचं, प्रकार इंजिनाचा. कोरणाऱ्याचं काही नाही. त्या हाताने नेमकं किती लाकूड काढलं आणि कुठे थांबला, हे फक्त थरांच्या रेषांवरून समजतं. त्यामुळे यापुढे कुणी मला मॉडेलचा फोटो पाठवला, तर मी एकच मागणी करणार आहे : प्रोपेलरची मागची बाजूही दाखवा.