‘जेव्हा माणूस जागा होतो’ : लोकचळवळीचा इतिहास आणि आत्मनिवेदनाची मर्यादा

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ 1970 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तेव्हापासून त्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. कोणी त्याला वारली जीवनाचे करुण चित्रण मानतो, तर कोणी एका निष्ठावंत कार्यकर्तीचे आत्मनिवेदन. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, असे आम्हांस वाटते. धनिकांच्या सत्तेविरुद्ध तळच्या माणसांची संघटना कशी उभी राहते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो वाचला पाहिजे. तसा वाचला म्हणजे त्याचे सामर्थ्य जसे दिसते, तशीच त्याची मर्यादाही दिसते.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. 7 जानेवारी 1945 रोजी टिटवाळा येथे महाराष्ट्र राज्य किसान सभेची स्थापना झाली. हे स्थळ आजच्या अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ गावापासून फारसे दूर नाही. त्या परिषदेस उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. त्यांच्या मुलखात जमीन सावकार-जमीनदारांची होती आणि जंगल ठेकेदारांच्या हाती होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर धन्याच्या घरी राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. ही स्थिती सरकारला अज्ञात नव्हती. सिमिंग्टन यांच्या 1939 च्या अहवालात तिची नोंद झालेली होती. परंतु अहवालाने वेठ थांबली नाही. मे 1945 मध्ये झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले, आणि मोबदल्यावाचून काम करावयाचे नाही असा निश्चय त्यांनी केला, तेव्हा ती थांबू लागली. अन्यायाचे ज्ञान आणि अन्यायाचा प्रतिकार यांत केवढे अंतर असते, ते या सहा वर्षांवरून कळते.

हे अंतर कशाने ओलांडले गेले, याचे परुळेकरांनी केलेले विवेचन हा ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग होय. त्यांनी भीतीला केंद्रस्थानी ठेवले आहे. मालकाची सत्ता केवळ सातबाऱ्यावर उभी नव्हती. एकेकट्या वारल्याच्या मनातील धास्तीवर ती उभी होती. म्हणून संघटनेचे पहिले कार्य मागण्या तयार करणे हे नसून, आपण एकटे नाही हा प्रत्यय देणे हे ठरले. मागण्या मागाहून आल्या आणि त्या नेमक्या होत्या : दिवसास बारा आणे मजुरी, पाचशे रत्तल गवताच्या कापणीस अडीच रुपये. गवताची मागणी विशेष अर्थपूर्ण आहे. हे गवत मुंबईच्या बाजारात जाई आणि त्याची कापणी ठरावीक हंगामातच व्हावी लागे. हंगाम टळला की मालकाचा नफा बुडे. अर्थात मालकाची अडचण कोठे आहे, हे कष्टकऱ्याला त्याच्या कामातूनच ठाऊक होते. ग्रंथ हे सिद्धांताच्या भाषेत मांडत नाही. साध्या, अलंकाररहित निवेदनातून ते वाचकाच्या मनावर ठसवितो. ही शैली विषयाला सर्वथा अनुरूप आहे.

आता मर्यादेकडे वळू. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. बाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी आवई उठवून लोकांना तेथे जमविण्यात आले होते. या प्रसंगाचे वर्णन वाचकाला हलवून सोडते. परंतु त्यातून निघणारा एक कठोर निष्कर्ष लेखिका पुरेशा स्पष्टपणे काढत नाहीत. शत्रूने जे हत्यार वापरले, ते चळवळीनेच घडविलेले होते : एका व्यक्तीच्या नावावरील अढळ विश्वास. ज्या विश्वासाने माणसे झरीला एकत्र आली, त्याच विश्वासाने ती तलवाड्याच्या सापळ्यात सापडली.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. 1945–46 च्या लढ्यात नेत्यांवर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले, तरी लढा मोडला नाही. 1946 मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी दिवसास सव्वा रुपयाची मागणी करून संप झाला, आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांना किसान सभेशी वाटाघाट करावी लागली. नेता हजर नसताना निर्णय कोणी घेतले? निरोप कोणी पोचविले? फुटू पाहणाऱ्यास कोणी थोपविले? संघटना व्यक्तीच्या पलीकडे गेली होती की नाही, याची खरी कसोटी येथेच आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी आत्मनिवेदनाचा साचा तोकडा पडतो. कारण निवेदिका स्वतः तेथे नाही. चळवळीचे सर्वांत मोठे यश तिच्या कथनात सर्वांत पुसट उमटते, हा लेखिकेचा अप्रामाणिकपणा नव्हे. तो साहित्यप्रकाराचा परिणाम आहे.

शीर्षकाकडे पाहिले असता लेखिकेस हे जाणवले असावे असे वाटते. माणूस ‘जागा होतो’ असे त्या म्हणतात. त्याला कोणी ‘जागा करतो’ असे म्हणत नाहीत. क्रियापद अकर्मक आहे आणि कर्ता तो माणूसच आहे. ग्रंथाची रचना मात्र या क्रियापदाशी सर्वत्र इमान राखू शकलेली नाही.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. नेत्याच्या आठवणींतूनच चळवळ शिकणारा उद्याचा कार्यकर्ता नेता शोधीत बसेल. पाड्यापाड्यांतील निरोप्यांकडे त्याचे लक्ष जाणार नाही. ठाणे जिल्ह्यातून शहराकडे संपत्तीचा ओघ आजही वाहतो. एके काळी गवत जाई. आज बारवी धरणाचे पाणी जांभूळ येथे शुद्ध होऊन शहरांना पुरविले जाते. अशा ओघाच्या काठी राहणाऱ्यांना या ग्रंथातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यासाठी अभ्यासकांनी त्याच्या शेजारी दुसरा इतिहास ठेवावयास हवा : डहाणू-तलासरीच्या पाड्यांत मौखिक परंपरेने उरलेला, निरोप्यांचा इतिहास. परुळेकरांच्या ग्रंथाचे मोल त्याने उणावणार नाही. त्याच्या शीर्षकाचा अर्थ त्यानेच पुरा होईल.