होयबा डेटाबेस

डेटाबेस शिकवायचा झाला की पाठ्यपुस्तके सारणीची एक चौकट काढतात, ओळ आणि स्तंभ यांच्या व्याख्या देतात आणि तेथेच थांबतात. मुलाने प्रश्न विचारला आणि संगणकाने उत्तर दिले, असे त्यात कोठेच घडत नाही. ज्या शिक्षकांना हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवायचे असते त्यांना आम्ही आजवर एकच साधन सुचवत आलो : एसक्यूलाइट, आणि तेही माऊसने उघडायच्या खिडक्यांतून नव्हे, तर काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून. ही शिफारस आम्ही मागे घेत नाही. पण तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली होती आणि ती आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

आधी गुणांबद्दल. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेला हा डेटाबेस सर्वांसाठी मुक्त आहे. त्यावर कोणी स्वामित्वहक्क सांगत नाही. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस यांना पाठीमागे सतत चालणारा सर्व्हर लागतो, वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द लागतो, आणि शाळेतला पहिला तास त्या खटपटीतच संपतो. एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल. ती पेनड्राइव्हवर घालून घरी नेता येते. ‘एसक्यूलाइट३’ हा शब्द आणि पुढे फाइलचे नाव टंकले की काम सुरू! (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकायच्या, येथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत.) टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा या साधनाच्या स्वतःच्या, जसे ‘टिंब टेबल्स’ म्हटले की सारण्यांची यादी येते. बाकीच्या आज्ञा डेटाबेसच्या भाषेतल्या, आणि त्यांच्या शेवटी अर्धविराम हवाच. तो विसरला तर पडद्यावर नुसती टिंबे उमटतात आणि मुले संगणक बिघडला असे समजतात. प्रत्यक्षात तो तुमचे वाक्य पुरे होण्याची वाट पाहत असतो.

आज्ञा टंकण्याचा खरा लाभ असा की विचारलेला प्रश्न डोळ्यांसमोर शिल्लक राहतो. उत्तर पटले नाही तर प्रश्न पुन्हा वाचता येतो, बाणाची कळ दाबून परत आणता येतो, एक शब्द बदलून पुन्हा विचारता येतो. माऊसच्या पाच-सात टिचक्यांनी मिळालेल्या उत्तरामागचा प्रश्न कोणता होता, हे घटकाभराने सांगणे कठीण.

आता उणिवेकडे वळू. एसक्यूलाइटच्या अधिकृत परिचयपृष्ठावरच्या पहिल्या उदाहरणात एक सारणी आहे. तिच्या स्तंभांची नावे ‘वन’ आणि ‘टू’. पहिल्या ओळीत ‘हॅलो’ आणि १०, दुसरीत ‘गुडबाय’ आणि २०. मग सारणीत काय आहे ते दाखव, अशी आज्ञा. जे घातले तेच बाहेर आले! ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही असा एकही प्रश्न येथे विचारलेला नाही, आणि म्हणूनच या साधनाचा खरा स्वभावही येथे दिसत नाही. तो दिसण्यासाठी शाळेत रोज असते तसली माहिती द्यावी लागते.

आम्ही पाच विद्यार्थ्यांचे गुण एका फाइलीत लिहिले : ६२, ४८, ७१, २९. पाचवा विद्यार्थी परीक्षेला आला नव्हता. त्याच्या नावापुढे स्वल्पविराम दिला आणि जागा कोरी सोडली. शाळेतल्या निम्म्या याद्या अशाच असतात. गुणांचा स्तंभ पूर्णांकाचा, म्हणजे ‘इंटिजर’, असे सांगून सारणी केली आणि ‘टिंब इम्पोर्ट’ने फाइल आत घेतली. तक्रार नाही, सूचना नाही. मग तीन प्रश्न विचारले.

गुणांची सरासरी किती? उत्तर आले ४२. हीच यादी स्प्रेडशीटमध्ये घातली तर ५२.५ येते, कारण तेथे कोरी जागा मोजली जात नाही. २१० ला चाराने भागायचे की पाचाने, एवढाच फरक. येथे गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण पडले.

३५ किंवा त्याहून अधिक गुण कोणाला? चार नावे आली. त्यांत गैरहजर विद्यार्थीही होता!

सर्वांत जास्त गुण किती? पडद्यावर एक कोरी ओळ आली.

म्हणजे एकच मुलगा सरासरीत शून्य, उत्तीर्णांच्या यादीत हजर आणि वर्गात पहिला. चूक कोणाची म्हणायची? हिशेबात चूक नाही. एसक्यूलाइटच्या दृष्टीने ‘पूर्णांक’ हा स्तंभाचा नियम नव्हे, केवळ पसंती. संख्येसारखे काही आले तर ते संख्या करून ठेवले जाते. तसे नसेल तर मजकूर म्हणून आहे तसे ठेवले जाते, आणि कोरी जागा हाही एक मजकूरच, शून्य अक्षरांचा. सरासरी काढताना संख्येसारखा न दिसणारा मजकूर शून्य धरतात. तुलना करताना मात्र कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा ठरतो. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक. एकत्र आले की असा तमाशा.

मराठी शाळांसाठी आणखी एक खड्डा आहे. एसक्यूलाइट फक्त इंग्रजी आकड्यांनाच संख्या म्हणून ओळखतो. यादी कोणी देवनागरी आकड्यांत टंकली असेल, आणि तशी ती पुष्कळदा असते, तर फाइल विनातक्रार आत जाते, वर्गाची सरासरी शून्य येते आणि ३५ च्या कसोटीला सगळा वर्ग उत्तीर्ण होतो.

सारण्यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. खऱ्या अर्थाने असा डेटाबेस कोणाला म्हणावे याचे नियम त्यांनी १९८५ साली दिले. त्यांतला तिसरा नियम नेमका हाच : ‘माहिती नाही’ हे सांगण्याची वेगळी खूण हवी, आणि ती कोऱ्या मजकुराहून व शून्याहून निराळी हवी. ही खूण, ‘नल’, एसक्यूलाइटमध्ये आहे आणि सरासरी काढताना ती योग्य रीतीने वगळलीही जाते. पण फाइलीतल्या कोऱ्या जागेचे ‘नल’ आपोआप होत नाही. शिवाय आम्ही वापरलेल्या आवृत्तीत दोन्ही पडद्यावर सारखेच कोरे दिसतात. ‘टिंब नलव्हॅल्यू’ या आज्ञेने नलसाठी एखादे चिन्ह ठरवून दिले तरच फरक कळतो.

एसक्यूलाइटचे कर्ते हा लवचीकपणा दोष मानत नाहीत. त्याच्या समर्थनार्थ त्यांनी वेगळे पृष्ठच लिहिले आहे, आणि विक्षिप्त गोष्टींची यादी देणाऱ्या दुसऱ्या पृष्ठावर त्याची कबुलीही आहे. त्यांचा प्रामाणिकपणा आम्हाला मान्य आहे. आक्षेप आहे तो जागेबद्दल. अनुभवी माणूस ही पृष्ठे शोधून वाचील. नवशिका पहिल्या उदाहरणावरच थांबतो, आणि त्याच्या आसपास याचा उल्लेख नाही. पोस्टग्रेस पूर्णांकाच्या स्तंभात मजकूर घेण्यास साफ नकार देतो. त्या नकारातून मुलाला काही तरी कळते. येथे कळत नाही. कारण हा डेटाबेस होयबा आहे.

उपाय एका शब्दाचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ या आवृत्तीपासून सारणी करताना शेवटच्या कंसानंतर, अर्धविरामाच्या आधी, ‘स्ट्रिक्ट’ असे लिहिता येते. मग पसंतीचा नियम होतो. आम्ही तसे लिहून तीच फाइल पुन्हा आत घेतली. चार ओळी गेल्या. पाचवीवर साधन अडले आणि फाइलीचे नाव, ओळीचा क्रमांक व ‘पूर्णांकाच्या स्तंभात मजकूर ठेवता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर आला. तेव्हा हजेरीपट उघडला, मुलगा त्या दिवशी आला नव्हता याची खात्री केली आणि त्याची ओळ ‘नल’ लिहून हाताने घातली. सरासरी ५२.५ आली, उत्तीर्णांच्या यादीत तीन नावे.