'चेम्मीन': किनाऱ्याचा कायदा आणि सहव्यवस्थापनाचा प्रश्न

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन' (१९५६) या मल्याळम कादंबरीस १९५७ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि रामू कार्याट यांच्या १९६५ मधील चित्रपटाने ती भारतभर पोहोचवली. या प्रसिद्धीत करुत्तम्मा व परीकुट्टी यांची विफल प्रेमकथा अग्रभागी राहिली. तथापि, कादंबरीतील घटनांना चालना मिळते ती करुत्तम्माचा पिता चेम्बनकुंजू याच्या होडी व जाळे घेण्याच्या आकांक्षेतून. म्हणूनच किनारी समाजाच्या संसाधनव्यवस्थेची कादंबरी या नात्यानेही तिचे वाचन होणे आवश्यक आहे.

होडीची मालकी ही येथे केवळ पैशाची बाब नाही. कोणत्या पोटजातीने ती घ्यावी हे रूढीने ठरलेले असून किनाऱ्याच्या प्रमुखाची, म्हणजे तुरयिल अरयनाची, अनुमतीही लागते. समुद्रात उतरणाऱ्या होड्यांवर अशा व्यवस्थेत आपोआपच मर्यादा पडते. आजच्या परिभाषेत हे प्रवेशनियंत्रण होय. मात्र पात्रता जन्मावर आणि अनुमती नजराण्यावर अवलंबून आहे. तकळी या व्यवस्थेचे उदात्तीकरण करीत नाहीत, हे त्यांच्या वास्तववादाचे बळ आहे.

स्त्रीविषयक नियमाबाबत मात्र हे बळ उणे पडते. पुरुष समुद्रावर असता त्याचे जीवित पत्नीच्या चारित्र्यावर अवलंबून असते, अशी किनाऱ्याची श्रद्धा आहे. चक्की आणि करुत्तम्मा या मायलेकी मासळी विकतात, घर चालवतात; किनाऱ्याच्या निर्णयात त्यांना स्थान नाही. सागराच्या कोपाचे उत्तरदायित्व तेवढे त्यांच्याकडे येते. करुत्तम्मा परीकुट्टीला भेटते त्याच रात्री तिचा पती पळनी समुद्रात बुडतो. मालकीच्या रूढीची सामाजिक चिकित्सा करणारा लेखक या श्रद्धेला कथानकाच्या शेवटाने जणू पुष्टीच देतो.

'चेम्मीन' म्हणजे कोळंबी. या शीर्षकाला इतिहासाने अनपेक्षित अर्थ दिला. कादंबरीतील किनाऱ्याच्या दक्षिणेस, कोल्लमजवळ, इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प १९५३ मध्येच सुरू झाला होता. पुढे निर्यातीच्या कोळंबीसाठी ट्रॉलर आले आणि होडीवाल्यांशी त्यांचा संघर्ष पेटला. जुन्या रूढीला या यंत्रांवर अंकुश ठेवता येणे शक्य नव्हते. केरळने १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, १९८८ पासून पावसाळ्यातील ट्रॉलरबंदी आली आणि २०१७ च्या दुरुस्तीने गावपातळीपासून राज्यपातळीपर्यंत व्यवस्थापन परिषदांची तरतूद झाली. शासन आणि समाज यांच्या सहव्यवस्थापनाला असे वैधानिक रूप मिळाले.

या परिषदांचे समर्थन करताना 'परंपरागत शहाणपणा'चा दाखला वारंवार दिला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. पण त्या शहाणपणाची किंमत कोणी मोजली, हे 'चेम्मीन' विसरू देत नाही. मासळी विकणाऱ्या स्त्रीला आणि स्वतःची होडी नसलेल्या खलाशाला परिषदेत मत नसेल, तर तुरयिल अरयनाचा अधिकारच नव्या नावाने नांदेल. मासा टिकवणारा नियम न्याय्यही असतो असे नाही. हा भेद ज्या कादंबरीत इतक्या स्पष्टपणे दिसतो, तिला केवळ शोकान्त प्रेमकथा मानणे हे तिचे अपुरे मूल्यमापन ठरेल.