मालकी आणि वहिवाट : ‘एक टोकरी भर मिट्टी’ आणि घराचे कथन

जुन्या घराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे सामान्यतः त्याच्या मालकांची क्रमवारी सांगावयाची, अशी आपली समजूत असते. घर कोणी बांधले, कोणास विकले, वाटणीत ते कोणाकडे आले, कोणत्या दाव्यात कोणाच्या हातून गेले, हा तपशील दप्तरात मिळतो. परंतु त्या घरात कोण जन्मले, कोण वारले आणि तेथील चूल कोणी पेटती ठेवली, याची नोंद दप्तर ठेवीत नाही. मराठीत या दोन संबंधांसाठी दोन शब्द आहेत : मालकी आणि वहिवाट. मालकी कागदावर सिद्ध होते, वहिवाट वापराने. या दोहोंतील ताण हाच घरविषयक कथनाचा गाभा आहे, असे गृहीत धरून प्रस्तुत निबंधात माधवराव सप्रे यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेचा विचार केला आहे. तुलनेसाठी महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक आणि विनोद कुमार शुक्ल यांच्या दोन कादंबऱ्या घेतल्या आहेत.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी आणि कर्मभूमी मुख्यतः छत्तीसगड. जन्म दमोह जिल्ह्यातील पथरियाचा, शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे, आणि मृत्यूही रायपुरातच. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्या सोबत होते आणि प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी घेतली होती. एका हिंदी मासिकाच्या उभारणीत तीन मराठीभाषक असावेत, ही गोष्ट त्या काळच्या मध्यप्रांतात फारशी नवलाची नव्हती. याच मासिकात १९०१ साली ही दीडदोन पानांची कथा प्रसिद्ध झाली.

कथानक परिचित आहे. एका जमीनदाराच्या महालाशेजारी एका गरीब विधवेची झोपडी आहे. महालाचे आवार तेथपर्यंत वाढवावे, असे त्याच्या मनात येते. विधवा तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. तिचा पती आणि एकुलता एक मुलगा तेथेच वारले, सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली. ती झोपडी सोडावयास तयार नाही. जमीनदार वकिलांना पैसे चारून न्यायालयामार्फत ताबा मिळवितो. पुढे एके दिवशी ती टोपली घेऊन येते आणि मूठमाती नव्हे, टोपलीभर माती मागते : घर सुटल्यापासून नातीने अन्न टाकले आहे, आपल्या घरी चल म्हणून ती हट्ट धरते, या मातीची चूल करून तीवर भाकरी भाजली तर पोर जेवेल. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावण्याची विनंती करते. त्याला टोपली हातभरही उचलत नाही. एका टोपलीचे वजन पेलत नाही, तर झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असा तिचा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागतो. तो पश्चात्ताप पावून झोपडी परत करतो.

या कथेवरील हिंदी चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरली : ही हिंदीतील पहिली कथा आहे काय? किशोरीलाल गोस्वामी यांची ‘इंदुमती’ (१९००), रामचंद्र शुक्ल यांची ‘ग्यारह वर्ष का समय’ (१९०३), बंगमहिला यांची ‘दुलाईवाली’ (१९०७) हे अन्य दावेदार होत. ‘दावेदार’ हा शब्द येथे सहेतुक वापरला आहे. पहिलेपणाचा वाद हा मुळात मालकीचा दावा असतो. त्यात तारखा तपासल्या जातात, दस्तऐवज मांडले जातात आणि अखेरीस साहित्यप्रकाराचा सातबारा एका नावावर करावयाचा असतो. तुलनाकाराला मात्र या कथेच्या बाबतीत एक अडचण आढळते : तिचा आशयबीजरूप प्रसंग सप्रे यांच्या पूर्वीपासून फिरत आलेला आहे.

कोर्दोबाचा खलिफा हकम याच्या नावाने सांगितली जाणारी एक आख्यायिका युरोपीय भाषांतही पसरली आहे. खलिफा महालालगतची एका गरीब स्त्रीची जागा बळकावतो. ती काजीकडे दाद मागते. काजी गाढव आणि रिकामे पोते घेऊन खलिफापुढे येतो, त्या जागेतील माती भरून घेतो आणि पोते उचलण्यास खलिफाचीच मदत मागतो. ते उचलत नाही, तेव्हा काजी त्याला अंतिम न्यायाच्या दिवसाची आठवण देतो. ही आख्यायिका सप्रे यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, याचा शोध हा एक स्वतंत्र विषय आहे. साम्य दाखवून कथेचे मोल कमी करण्याचाही येथे हेतू नाही. परक्या कथाबीजात लेखकाने वास्तव्य कसे केले, भिंती कोठे पाडल्या आणि चूल कोठे मांडली, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

पहिला फरक न्यायाधीशाचा. आख्यायिकेत काजी हा सत्तेच्या सदसद्विवेकाचा आवाज आहे. स्त्री फिर्याद करते आणि पुढील सर्व कृती काजी करतो. सप्रे यांच्या कथेत काजी नाही. न्यायालय आहे, पण ते बेदखलीचे साधन म्हणून. त्यामुळे जे वाक्य काजीच्या मुखी होते ते विधवेलाच बोलावे लागते. १९०१ च्या छत्तीसगडात या बदलाला नेमका अर्थ आहे. १८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि १८६० च्या दशकातील जमाबंदीने गावाचा सारा गोळा करणाऱ्यांस मालगुजार म्हणून स्वामित्वाचा हक्क दिला. रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा हेविट यांचा अहवाल १८६९ चा आहे. वसुलीचा अधिकार स्वामित्वात रूपांतरित होताच वहिवाटीला कागदाची गरज पडू लागली आणि कागद ज्याच्याकडे तोच बोलू लागला. सप्रे यांनी ‘मालगुजार’ हा स्थानिक शब्द न वापरता ‘जमीनदार’ हा सर्वपरिचित शब्द योजला व गावाचे नावही दिले नाही. त्यामुळे कथा एका जिल्ह्याची न राहता हिंदी प्रदेशाची झाली. हे लक्षात घेऊनही तिच्यातील न्यायालय त्या काळाची खूण सांगते, असे म्हणता येईल.

दुसरा फरक चुलीचा. आख्यायिकेतील माती हे केवळ वजन आहे. सप्रे यांच्या कथेत ती प्रथम चूल आहे आणि नंतर वजन. उपाशी नात कथेत प्रत्यक्ष येत नाही, तरी घरावरचा खरा हक्क तीच सांगते. घर म्हणजे जेथील चुलीवरची भाकरी घशाखाली उतरते ते ठिकाण, ही व्याख्या कोणत्याही दस्तऐवजात बसणारी नाही.

असे असूनही कथेचा शेवट चिकित्सेस पात्र आहे. जमीनदार झोपडी ‘परत देतो’. देण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. न्यायालयाचा निर्णय तसाच आहे, कागद बदललेला नाही. विधवेला वहिवाट मिळते, पण दान म्हणून. हक्क म्हणून नव्हे. जमीनदाराचा वारस तितका हळवा नसेल तर काय, हा प्रश्न कथा विचारीत नाही. हा दोष केवळ बोधप्रवणतेचा नाही. कायदा बदलण्याची कल्पनाच जेथे आवाक्याबाहेर आहे, तेथे हृदयपरिवर्तन हा एकच मार्ग लेखकास उपलब्ध होता. मध्यप्रदेशातील मालगुजारी कायद्याने संपुष्टात येण्यास पुढे सुमारे पन्नास वर्षे जावी लागली.

त्यानंतरचा अध्याय ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) दिसतो. विदर्भ आणि छत्तीसगड हे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडाचे भाग होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही तुलना ओढूनताणून केलेली वाटणार नाही. येथे मालकी शाबूत आहे. वाडा देशपांड्यांचाच आहे. परंतु तात्याजींच्या तेराव्याचा खर्च कोठून करावयाचा, हाच घरापुढचा प्रश्न आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे आणि घरातले सोने घरातल्याच मुलीबरोबर जाते. सप्रे यांच्या जमीनदाराला जे भाकीत ऐकविले गेले, ते एलकुंचवारांच्या पात्रांना भोगावे लागते : माती आपल्या नावावर आहे आणि तिचा भार उचलत नाही. फरक इतकाच की या वेळी तो प्रश्न विचारणारे बाहेरून कोणी येत नाही.

तिसरी अवस्था भाडेकरूची. रायपुरात दीर्घकाळ राहिलेल्या विनोद कुमार शुक्ल यांच्या ‘नौकर की कमीज’मध्ये (१९७९) छत गळते, घर डॉक्टरांच्या मालकीचे आहे आणि घरमालकीच्या आडून भाडेकरूच्या पत्नीच्या श्रमावरही हक्क सांगितला जातो. येथे वहिवाटही उसनी आहे. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’मध्ये (१९९७) मात्र त्याच उसन्या खोलीच्या खिडकीतून रघुवर प्रसाद आणि सोनसी अशा प्रदेशात उतरतात, जो कोणाच्याच नावावर नाही. तेथे चहा देणारी एक म्हातारी आहे. सप्रे यांच्या विधवेला दयेने मिळालेली चूल या म्हातारीपाशी कोणाच्या दयेवाचून पेटलेली आहे, असे वाचन मला शक्य वाटते. अर्थात हा मुक्त प्रदेश खिडकीपलीकडेच राहतो; खोलीचे भाडे चुकत नाही.

रायपूर शहराची स्मृतीही याच द्वंद्वाची साक्ष देते. बूढापारा येथील डे भवन हे भूतनाथ डे यांचे घर. अनेक भाषा जाणणारे आणि पुढे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झालेले हरिनाथ डे (१८७७–१९११) हे त्यांचे पुत्र. लोकांना ते घर ठाऊक आहे ते मात्र १८७७ ते १८७९ या काळात रायपुरात राहिलेल्या किशोरवयीन नरेंद्रनाथांचे, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंदांचे, वास्तव्यस्थान म्हणून. मालकाहून पाहुण्याचे नाव घराला अधिक चिकटले.

सप्रे यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. अनुवादक हाही दुसऱ्याच्या वास्तूत राहणारा. मालकी मूळ लेखकाची, वहिवाट त्याची. ‘एक टोकरी भर मिट्टी’ पहिली असो वा नसो, एका फिरत्या आख्यायिकेतून काजी वजा करून आणि चूल मांडून सप्रे यांनी तीत जे वास्तव्य केले, त्यावरच या कथेचा हक्क उभा आहे. पहिलेपणाच्या दाव्यात त्या नातीची भूक विसरली जाते. कथेचे वजन तिच्यापाशी आहे, आणि समीक्षेने टोपलीला हात लावावयाचा तो तेथेच.