रिकिदोझान : रिंगणातील राष्ट्र आणि रिंगणाबाहेरचे नाव

या टिपणात आपण दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपानमधील सर्वांत लोकप्रिय व्यावसायिक कुस्तीगीर रिकिदोझान याची कारकीर्द आणि त्याची सार्वजनिक ओळख यांचा विचार करणार आहोत. कुस्तीची माहिती असणे आवश्यक नाही. एखाद्या माणसाची ओळख कोण घडवतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

१. नेहमीचा प्रश्न आणि त्यापलीकडचा प्रश्न

अभियांत्रिकीच्या वर्गात व्यावसायिक कुस्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, ते सगळं आधी ठरलेलंच असतं ना?" उत्तर सोपे आहे. होय, ठरलेले असते. आपल्या तालमींमध्ये अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती लबाडी मानली जाते, कारण आखाड्यात इनाम निकालावर लावलेले असते. व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल आधी ठरणे हा त्या प्रयोगाचाच भाग आहे. फ्रेंच समीक्षक रोलां बार्त याने १९५७ सालच्या आपल्या 'मितोलोजी' या पुस्तकात पहिलाच लेख कुस्तीवर घेतला आहे. त्याचे म्हणणे असे की हा खेळ नव्हे, हा देखावा आहे. वेदना खरी आहे की नाही याची फिकीर प्रेक्षकाला नसते; ती त्याला स्पष्ट दिसली पाहिजे, एवढेच त्याला हवे असते.

दोरांच्या आत जे घडते तेवढ्यापुरते हे विवेचन पुरेसे आहे. रिकिदोझानचा विचार करताना ते अपुरे पडते, कारण त्याच्या बाबतीत देखावा सामन्याची घंटा वाजल्यावर संपत नव्हता. माझे म्हणणे थोडक्यात असे : त्या काळच्या जपानी रिंगणात प्रत्येकाच्या अंगावर कुठल्या तरी राष्ट्राचा पोशाख चढवलेला होता. इतरांना तो सामन्यानंतर उतरवता येत होता. रिकिदोझानला तो घरी, प्रवासात, कागदपत्रांत आणि मृत्यूनंतरही अंगावर ठेवावा लागला. त्याला केवळ 'खोटे बोलणारा' ठरवले तर ज्यांना हे खोटे हवे होते, ते सगळे सुटून जातात.

२. किम सिन-राक ते मोमोता मित्सुहिरो

रिकिदोझानचे जन्मनाव किम सिन-राक. जन्मसाल म्हणून १९२४ नोंदलेले आहे. जन्म दक्षिण हामग्योंग प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातला. कोरिया १९१० पासून जपानची वसाहत होता. १९४० मध्ये हा तरुण सुमो कुस्तीसाठी टोकियोत आला आणि त्याला 'रिकिदोझान' हे आखाड्याचे नाव मिळाले. त्याच वर्षी वसाहतीच्या सरकारने कोरियन लोकांनी जपानी पद्धतीची नावे घ्यावीत असे धोरण अमलात आणले होते, हे येथे लक्षात ठेवावे. नाव बदलणे ही त्या काळात एकट्यादुकट्याची युक्ती नव्हती. ती सत्तेची मागणी होती.

सुमोमध्ये तो १९४९ साली सेकिवाके या वरून तिसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. १९५० मध्ये त्याने आपली शेंडी स्वतःच्या हाताने कापली आणि सुमो सोडला. सुमोपटू निवृत्त होतो तेव्हा मानाच्या समारंभात इतरांनी ती शेंडी कापायची असते. म्हणून या कृतीकडे संतापाची खूण म्हणूनच पाहिले गेले. कारणे निरनिराळी सांगितली जातात : आजारपण, पैशावरून गुरूशी झालेला वाद, परक्या मुलखातला म्हणून मिळणारी वागणूक.

सुमोच्या काळातच त्याचे मूळ गाव नागासाकी प्रांतातील ओमुरा असे सांगितले जाऊ लागले होते. पुढे जपानी कुटुंबनोंदीत त्याचे नाव मोमोता मित्सुहिरो असे झाले. या नोंदीचे महत्त्व समजण्यासाठी एक तारीख पुरेशी आहे. २८ एप्रिल १९५२ रोजी अमेरिकी ताबा संपून जपान पुन्हा सार्वभौम झाला आणि त्याच दिवशी जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व गेले. वसाहतीच्या काळात ज्यांना जपानी व्हा म्हणून सांगितले, त्यांनाच आता तुम्ही परके म्हणून सांगण्यात आले. रिकिदोझान त्या वर्षी हवाई व अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीचे धडे घेत होता. ज्याच्या कागदावर मोमोता लिहिलेले होते तो परत येऊन संस्था काढू शकत होता, नायक होऊ शकत होता. ज्याच्या कागदावर किम लिहिलेले होते त्याची वाट वेगळी होती.

३. फेब्रुवारी १९५४ : रस्त्यावरचा दूरचित्रवाणी संच

१९५३ साली जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. शार्प कंपनीच्या पहिल्या देशी संचाची किंमत १,७५,००० येन होती. शालान्त शिक्षण घेऊन सरकारी नोकरीत लागणाऱ्याचा पहिला पगार त्या वेळी महिना सुमारे ५,४०० येन होता. म्हणजे एका संचासाठी अडीच वर्षांहून अधिक काळाचा पूर्ण पगार. घरात संच येणे अशक्य, म्हणून निप्पॉन टेलिव्हिजन या खासगी वाहिनीने स्थानकांजवळ व चौकांत सार्वजनिक संच उभे केले.

१९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान या सभागृहात जोडीची कुस्ती झाली. एका बाजूला रिकिदोझान आणि ख्यातनाम ज्युदोपटू किमुरा मासाहिको, दुसऱ्या बाजूला बेन आणि माइक हे धिप्पाड शार्प बंधू. लढत बरोबरीत सुटली. रस्त्यांवरच्या संचांसमोर मात्र अफाट गर्दी लोटली. कथानक अगदी साधे होते : दांडगे गोरे पाहुणे नियम मोडून किमुराला बडवतात, मग रिकिदोझान आत येतो आणि 'कराटे चॉप'ने त्यांना लोळवतो. युद्ध हरून नऊ वर्षेही झाली नव्हती आणि परकी फौज रस्त्यांवरून फिरताना लोकांनी पाहिली होती. त्या प्रेक्षकाला हे कथानक समजावून सांगावे लागत नव्हते.

आता या देखाव्याचे भाग सुटे करून पाहू. 'अमेरिकन' म्हणून पाहिले गेलेले शार्प बंधू कॅनडाचे होते. 'कराटे'चा म्हणून गाजलेला फटका बराचसा सुमोतील उघड्या तळव्याच्या चपराकीतून आलेला होता. आणि 'जपान'चा सूड उगवणारा नायक कोरियात जन्मला होता. समुद्रापलीकडेही हाच प्रकार होता. अमेरिकेत कपटी जपानी खलनायक म्हणून शिव्या खाणारा ग्रेट टोगो अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जन्मला होता. टॉश टोगो या नावाने लढणारा हॅरॉल्ड साकाता हवाईचा. त्याने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्यात अमेरिकेसाठी रौप्यपदक जिंकले होते. रिकिदोझानने हाच अमेरिकी साचा घरी आणला आणि नायक-खलनायकांच्या जागांची अदलाबदल केली. व्यावसायिक म्हणून त्याची खरी प्रतिभा येथे दिसते.

परंतु फरकही येथेच आहे. शार्प बंधू 'आम्ही कॅनडाचे' असे म्हणू शकत होते आणि त्याने काही बिघडत नव्हते. साकाता पुढे चित्रपटांत गेला. रिकिदोझानने 'मी किम सिन-राक' असे म्हटले असते तर सगळा डोलाराच खाली आला असता.

४. गुपितावर उभी राहिलेली यंत्रणा

हा डोलारा किती मोठा होता हे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९५७ मध्ये जागतिक विजेता लू थेझ याच्याशी टोकियोत झालेली रिकिदोझानची लढत साठ मिनिटे चालून बरोबरीत राहिली. तिच्या प्रक्षेपणाला ८७ टक्के प्रेक्षक लाभल्याची नोंद आहे. मे १९६३ मध्ये 'द डिस्ट्रॉयर' या मुखवटाधारी अमेरिकन मल्लाशी झालेल्या लढतीचा आकडा ६४ टक्के होता. मित्सुबिशी इलेक्ट्रिक ही कंपनी या कार्यक्रमाची प्रायोजक होती. दोन सामन्यांच्या मध्ये रिंगण झाडायला कंपनीचाच व्हॅक्युम क्लीनर आणत आणि तो झाडताना कॅमेरा चालू असे. शत्रूला लोळवायचे, मग घरगुती उपकरणाने जमीन स्वच्छ करायची : युद्धोत्तर जपानचा प्रवास एका दृश्यात मावला होता.

वाहिनी, प्रायोजक, आयोजक, वृत्तपत्रे, संच विकणारे दुकानदार या सर्वांचे भांडवल 'जपानी रिकिदोझान' हे होते. सुमोच्या वर्तुळात त्याचे मूळ ठाऊक असलेली माणसे होती. तरीही ते जाहीर झाले नाही. अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर या इमारतीचा सगळा भार एका खांबावर आला होता आणि तो खांब तपासण्यात कोणालाच रस नव्हता. म्हणून हे गुपित एका माणसाचे नव्हते. अनेकांनी मिळून सांभाळलेले होते. जोखीम मात्र एकट्याची होती.

५. त्याचे दोष

येथवर वाचून रिकिदोझान हा केवळ परिस्थितीचा बळी होता असे कोणी समजू नये. त्याच्या वर्तनातील निष्ठुरपणा टीकेला पात्र आहे. जोडीच्या लढतींत किमुराच्या वाट्याला नेहमी मार खाण्याचे काम येई. त्याने वृत्तपत्रातून आव्हान दिले आणि २२ डिसेंबर १९५४ रोजी दोघे समोरासमोर आले. किमुराच्या म्हणण्यानुसार लढत बरोबरीत सोडवायचे ठरले होते. रिकिदोझानने मध्येच खरे फटके मारायला सुरुवात केली आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. निकाल ठरलेला असणे ही या धंद्यात फसवणूक नव्हे. जोडीदाराला दिलेला शब्द मोडणे ही मात्र फसवणूकच आहे, कारण येथे प्रत्येकाचे शरीर दुसऱ्याच्या शब्दाच्या भरवशावर असते.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. किम इल हा कोरियन तरुण त्याच्याकडे शिकायला आला. रिकिदोझानने त्याला शिष्य केले आणि तो जपानी रिंगणात 'ओकी किंतारो' या नावाने उतरला. आपल्याच मुलखातल्या मुलाला त्याने आसरा दिला, पण स्वतः अंगावर घेतलेला पोशाखच त्यालाही चढवला. ही माया होती की धंद्याची रीत? मला वाटते, दोन्ही. नाव बदलल्याशिवाय येथे उभे राहता येत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

६. मृत्यू आणि नंतरचे दावे

जानेवारी १९६३ मध्ये रिकिदोझान दक्षिण कोरियाला गेला. जपानमध्ये या भेटीचा गाजावाजा झाला नाही. त्याच वर्षी ८ डिसेंबरच्या रात्री टोकियोतील एका नाइटक्लबमध्ये झालेल्या भांडणात त्याला भोसकण्यात आले आणि १५ डिसेंबरला पोटातील जंतुसंसर्गाने त्याचा मृत्यू झाला. नोंदीप्रमाणे वय ३९. त्याचे जन्मनाव जपानमधील सामान्य वाचकापर्यंत उघडपणे पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली.

नंतर दावेदार वाढले. उत्तर कोरियात त्याला राष्ट्रवीराचे स्थान मिळाले. १९९५ च्या एप्रिलमध्ये त्याचा शिष्य अंतोनियो इनोकी याने प्योंगयांगमध्ये कुस्तीचा भव्य कार्यक्रम केला, तेव्हा गुरूची जन्मभूमी हा त्यामागचा एक धागा होता. २००४ मध्ये दक्षिण कोरियाच्या दिग्दर्शकाने त्याच्यावर चित्रपट काढला. ज्या माणसाला जिवंतपणी एका देशाचे पूर्ण होता आले नाही, तो मृत्यूनंतर तीन देशांना हवासा झाला. प्रत्येकाने त्याच्यातला आपल्याला हवा तेवढा भाग घेतला. उत्तर कोरियाच्या वीरकथेतही नवा पोशाखच आहे. फक्त रंग बदललेला आहे.

७. समारोप

रिकिदोझानच्या कारकिर्दीतून 'राष्ट्रीय नायक खोटा निघाला' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. चौकातल्या त्या गर्दीला मिळालेला दिलासा खरा होता. तो देणाऱ्याचे श्रम, घाम आणि दुखापतीही खऱ्या होत्या. खोटी होती ती अट : तू आमच्यासाठी लढू शकतोस, पण तू जो आहेस तो म्हणून नव्हे. ही अट त्याने घातली नव्हती. त्याने ती पाळली. टीका करायचीच असेल तर ती अट घालणाऱ्या समाजापासून सुरुवात करावी आणि मग त्या माणसाच्या दोषांकडे यावे. क्रम उलटा केला की न्याय होत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. नुरा कुस्ती आणि व्यावसायिक कुस्ती यांत नैतिक फरक आहे का? असल्यास तो प्रेक्षकाच्या अपेक्षेत आहे की मल्लाच्या वर्तनात?
२. शार्प बंधू, ग्रेट टोगो आणि रिकिदोझान या तिघांच्या 'राष्ट्रीय पोशाखा'ची तुलना करा. तो उतरवण्याची मुभा कोणाला होती व का?
३. नवे माध्यम लोकप्रिय होण्यासाठी नायकाची गरज कशी लागते, हे १९५४ च्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
४. तुमच्या वर्गात, वसतिगृहात किंवा कामाच्या ठिकाणी आडनाव, गाव किंवा भाषा सांगायचे टाळणारे कोणी असेल, तर त्याने ते का लपवले हे विचारण्याआधी, ते सांगितल्यास आपण कसे वागू, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःपुरते लिहून पाहा. हे उत्तर वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नाही.