गर्दीत घडणारं संगीत

भारतातल्या हेवी मेटलचं वादन आज कधी नव्हतं इतकं सफाईदार झालं आहे. गिटारवादकांची बोटं, ड्रमरचे पाय, घरच्या संगणकावर केलेलं ध्वनिमुद्रण, कशातच आपले बँड बाहेरच्यांना हार जाणारे नाहीत. तरीही यातल्या बऱ्याच रचना ऐकून झाल्यावर मनात घर करत नाहीत. हा दोष वादकांच्या कुवतीचा नाही. ही गाणी जिथे घासूनपुसून निघायला हवीत, ते स्वतःच्या खिशातून उभे केलेले छोटे अंडरग्राउंड महोत्सव आपल्याकडे फार थोडे आहेत. रचनेचं अंग दुबळं राहतं ते त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

अशा महोत्सवाला गेलं की त्याचं मोल कळतं. पबचा एखादा मजला किंवा भाड्याचा हॉल, दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक बँड. ड्रमसेट सगळ्यांत मिळून एकच. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर, सिम्बल आणि पेडल तेवढे घेऊन येतो. एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यातच साउंडचेक उरकायचा. दाराशी टेबलावर टी-शर्ट आणि सीडी मांडलेल्या. नुकताच वाजवून उतरलेला गायक घाम पुसत पुढच्या बँडसाठी पहिल्या रांगेत येऊन उभा राहतो. इथे ऐकणारे आणि वाजवणारे वेगळे काढता येत नाहीत.

मंचासमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे पिटात, अंगावर अंग आदळत असतं, पण कुणी पडला की आधी चार हात त्याला उचलतात. हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. रचनाकाराची खरी परीक्षा या पिटातच होते. ब्लास्ट बीट म्हणजे बेस ड्रम, स्नेअर आणि सिम्बल यांचा अखंड भडिमार. तो मिनिटामागून मिनिटं तसाच चालू राहिला तर पिट थंडावतो, कारण वेग जाणवायला संथपणाची जोड लागते. गिटारची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी स्वराकृती, नेमक्या जागी अर्ध्या लयीवर उतरली की सगळा हॉल एकदम वाकतो. ही नेमकी जागा संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. ती चार ठिकाणी वाजवून, दोनदा फसून सापडते.

मेटलचा आवाज मुळातच शरीराच्या आणि परिस्थितीच्या रेट्यातून आला आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. पुढे त्याने कृत्रिम टोकं बसवून हलक्या तारा वापरल्या, आणि 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त तारा सैल करून स्वर आणखी खाली नेला. ब्लॅक सबाथचा तो जड, खर्जातला आवाज आजही या संगीताचा पाया आहे. 1990मध्ये उत्तर जर्मनीतल्या वाकेन या खेड्यात काहीशे लोकांसमोर सुरू झालेला महोत्सव आज हजारोंना ओढून नेतो, त्याचीही सुरुवात गावच्या हौशी पोरांनीच केली होती.

मुंबईकडे अशी जागा होती. धोबी तलावजवळच्या रंगभवनात 1978मध्ये जॅझ यात्रा सुरू झाली आणि 1986पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने तिथे पिढ्या घडवल्या. रंगभवन खुलं होतं, मध्यवर्ती होतं, लोकलने जाता येण्याजोगं होतं. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला, आणि रंगभवन गप्प झालं. रुग्णाला शांतता मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गेलेल्या जागेच्या बदल्यात शहराने दुसरी दिली नाही, हे नुकसान आजतागायत भरून आलेलं नाही. ज्या पबांनी मेटलला जागा दिली त्यांचं छत बुटकं, भिंती कडक. तिथे बेस गिटार आणि बेस ड्रम एकमेकांत मिसळून चिखल होतो.

या पार्श्वभूमीवर आपल्या बँडांकडे पाहावं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने 2000पासून चिकाटीने वाट पाडली आणि 2017च्या ‘दशावतार’मध्ये अवतारकथांना या संगीतात आणण्याचं मोठं धाडस केलं. त्याच शहरातल्या गटस्लिटने ब्रूटल डेथ मेटलसारख्या अवघड प्रकारात ‘ॲम्प्युथिएटर’ हा कमालीचा बांधीव अल्बम दिला. बंगळुरूचा क्रिप्टॉस तर माझ्या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा. 1998पासून वाजवत आलेल्या या बँडच्या अलीकडच्या रिफ साध्या आहेत, पण एकदा ऐकल्या की विसरता येत नाहीत. युरोपातल्या दौऱ्यांत ज्यांचा कस लागला, त्यांनी अनावश्यक ते सगळं गाळलं आहे.

दिल्लीच्या स्कायहार्बरचा उगम घरच्या स्टुडिओत झाला. त्यांची ध्वनिरचना अप्रतिम आहे. पण त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी त्यांची चकाकी तेवढी उचलली, सुरावट नाही. ब्लडीवूड हा बँड आधी इंटरनेटवर गाजला, मग 2019मध्ये वाकेनला गेला. महोत्सवाशिवायही नाव होतं, असं कुणी यावरून म्हणेल. नाव होतं, हे खरं. पण ढोल, बासरी आणि गिटार यांचा त्यांचा मेळ घट्ट झाला तो मंचावर, आणि तो मंच बव्हंशी परदेशातला. आपल्या कलावंतांची तालीम दुसऱ्यांच्या गावात व्हावी, हे मला बोचतं. 2012पासून बंगळुरू ओपन एअर या महोत्सवाने हे चित्र बदलण्याचा नेटाने प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रातही तशी जिद्द दिसायला हवी.

मराठी रसिकाने या आवाजाला परकं मानण्याचं कारण नाही. भयानक आणि बीभत्स हे रस आपल्या शास्त्राने शृंगाराच्या पंक्तीला बसवले आहेत. 1972मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा जुगुप्सेतून करुणेपर्यंत कसं पोचता येतं, हे मराठी कवितेने दाखवून दिलं. डेथ मेटलची घोगरी गर्जना तीच वाट धरू शकते. मात्र त्यासाठी शब्दांना जगण्याचा आधार लागतो. आपले बरेच बँड प्रेतं आणि राक्षस यांच्या उसन्या चित्रांवर थांबतात; गिरणगाव, बुलडोझर, दुष्काळ यांतलं भय त्यांच्या गाण्यांत क्वचितच येतं. मराठीत मेटल लिहिण्याचे प्रयत्नही तुरळकच. मंचावरच्या आणि समोरच्या गर्दीत बायका अजून थोड्या दिसतात. आयोजकांनी सुरक्षित पिट ही स्वतःची जबाबदारी मानली तर हे बदलेल.

उपाय आवाक्यातला आहे. ध्वनिवर्धकांवरची रात्री दहानंतरची बंदीही बंदिस्त सभागृहांना सरसकट लागू नाही, आणि या महोत्सवांना तर दुपारी दोन ते रात्री नऊ हा वेळ पुरतो. खुर्च्या हलवता येतील असं पालिकेचं एक सभागृह, भिंतींना ध्वनिशोषक आवरण, एक कायमचा ड्रमसेट आणि परवडेल असं भाडं, एवढं मुंबईत, पुण्यात, नागपुरात मिळालं तरी दर महिन्याला तीन-चार नव्या बँडांना माणसांसमोर चुका करता येतील. नाट्यस्पर्धांना शासनाने मंच दिले म्हणून हौशी रंगभूमी तगली. मेटलच्या पोरांनाही तोच न्याय मिळावा. श्रोत्यांनीही तिकीट काढून दुपारीच हजर व्हावं, पहिल्या अनोळखी बँडसाठी पिट उघडावा आणि बाहेर पडताना त्याचा टी-शर्ट विकत घ्यावा.